काळ्या भिंतींचं वसतिगृह

विश्वभारती विद्यापीठातली सगळ्यात मोलाची भिंत कुठली, असं कुणी विचारलं तर मी मुलांच्या वसतिगृहाकडे बोट दाखवते. शांतिनिकेतनात कलाभवनाच्या, म्हणजे विद्यापीठाच्या कला विभागाच्या, आवारात ते उभं आहे. बैठं, मातीचं, आणि बाहेरून काळंकुळकुळीत, कारण मातीवर डांबर चढवलंय. तिथे सगळे त्याला ‘कालो बाडी’ म्हणतात. नंदलाल बोस आणि रामकिंकर बैज यांनी विद्यार्थ्यांना हाताशी घेऊन १९३० च्या दशकात या भिंतींवर उठावाची शिल्पं केली. आणि आत? आत शेवटच्या वर्षाच्या मुलांच्या खाटा टाकल्या.

मी कोल्हापूरची. भित्तिचित्र शिकायला म्हणून कलाभवनात गेले आणि आता इकडे एका कला महाविद्यालयात शिकवते. शांतिनिकेतनबद्दल मराठीत पुष्कळ लिहिलं गेलंय, पण ते बहुतेक रवींद्रनाथांबद्दल, त्यांच्या गाण्यांबद्दल. मला लिहायचंय ते तिथल्या खोल्यांबद्दल, पडव्यांबद्दल, स्वयंपाकघराबद्दल आणि झाडाखालच्या वर्गांबद्दल. विद्यार्थी जिथे झोपतो, जेवतो, बसतो त्या जागेवर एखाद्या संस्थेने आपले सगळ्यात चांगले हात राबवले, ही गोष्ट मी पाहिली ती तिथेच.

आधी थोडी ओळख. कोलकात्याहून रेल्वेने दीडशे किलोमीटरच्या आसपास बोलपूर स्टेशन लागतं. बीरभूम जिल्हा. तांबडी, जांभ्या खडकाची माती, कोकणातल्या माणसाला लगेच ओळखू येईल अशी. पावसाने ती जागोजागी कापली जाऊन तिचे ओघळ आणि घळी झाल्यात, त्याला तिकडे खोआई म्हणतात. १८६३ मध्ये रवींद्रनाथांचे वडील देवेंद्रनाथ ठाकुर यांनी इथली वीस बिघे जमीन कायमच्या पट्ट्याने घेतली. त्या उजाड माळावर तेव्हा सातविणीची दोन झाडं होती, असं सांगतात. १९०१ च्या डिसेंबरात रवींद्रनाथांनी तिथे पाच मुलांना घेऊन शाळा काढली, १९२१ च्या डिसेंबरात विश्वभारती सुरू झाली आणि १९५१ मध्ये संसदेच्या कायद्याने ती केंद्रीय विद्यापीठ झाली.

विद्यापीठ म्हटलं की आपल्यासमोर शेकडो संलग्न कॉलेजं, परीक्षा विभागाच्या खिडक्या आणि गुणपत्रिकेसाठीची रांग उभी राहते. विश्वभारतीचं तसं नाही. शिकवणारं आणि निवासी विद्यापीठ अशीच तिची कायद्यातली व्याख्या आहे. दुसऱ्या गावातल्या कॉलेजांच्या परीक्षा घेणं हे तिचं मुख्य काम नाही. बालवाडीपासून पीएचडीपर्यंत सगळं एकाच परिसरात, आणि शिक्षकांची घरंही सायकलच्या टप्प्यात. शिक्षकाला ‘सर’ म्हणण्याची पद्धत जुनी नाही. नावापुढे दा किंवा दी लावायचं. रामकिंकर सगळ्यांचे किंकरदा होते. नंदलालबाबू मात्र मास्टरमशाय. संस्था लहान राहिल्यामुळे हे जमलं.

झाडाखालचे वर्ग हे शांतिनिकेतनचं सगळ्यात जास्त छापलं गेलेलं चित्र. पर्यटक ते बघून हळवे होतात आणि पुढे जातात. मला तिथे कौतुक वाटलं ते मांडणीचं. पाठभवन ही तिथली शाळा. तिचे वर्ग आम्रकुंजात, बकुळवीथीत, शालवीथीच्या बाजूला भरतात. झाडाच्या बुंध्याशी शिक्षकांसाठी बांधलेला ओटा, त्याच्यासमोर मुलं अर्धवर्तुळात बसतील अशी जागा. मुलं आपापलं आसन घरून घेऊन येतात. फळा टेकवायला आधार. बस, एवढाच खर्च. पण ओटा कुठल्या बाजूला हवा, सकाळच्या दुसऱ्या तासाला ऊन कुठून येईल, शेजारच्या वर्गाचं पाठांतर इकडे किती ऐकू येईल, याचा विचार कुणीतरी केल्याशिवाय अशी जागा साधत नाही. मी एकदा कागदावर त्या वर्गांचा आराखडा काढत बसले होते, तेव्हा लक्षात आलं की दोन वर्गांच्या मधोमध बहुतेक ठिकाणी एखादं दाट झाड किंवा झुडपांची ओळ येतेच. भिंतीचं काम झाडाकडे दिलंय.

बीरभूमचा उन्हाळा चाळीस अंशांच्या पुढे जातो, म्हणून शाळा सकाळची. पाऊस आला की मुलं वह्या छातीशी धरून पडवीकडे धावतात. तेव्हा पडव्या रुंद हव्यात, आणि त्या आहेतही. मोठ्या वर्गांचे आणि महाविद्यालयीन विभागांचे तास अर्थातच खोल्यांमध्ये होतात, प्रयोगशाळा काही आंब्याखाली मांडता येत नाही. आठवड्याची सुट्टी रविवारी नसून बुधवारी असते. त्या दिवशी सकाळी काचेच्या उपासनागृहात प्रार्थना होते. १८९१ मध्ये उघडलेली ही वास्तू रंगीत काचांची आहे, आणि तिच्यात कुठल्याही देवाची मूर्ती नाही.

दिवसाचे तास घंटेवर चालतात. घंटातला नावाची जागा आहे, सांचीच्या तोरणासारखी बांधलेली. जवळच सिंहसदन, घड्याळ आणि घंटेचं. बीरभूममधल्याच रायपूरच्या सिंह घराण्याच्या देणगीतून ते उभं राहिलं. ७ ऑगस्ट १९४० रोजी ऑक्सफर्ड विद्यापीठाने रवींद्रनाथांना डॉक्टरेट दिली, ती इथेच, सर मॉरिस ग्वायर आणि राधाकृष्णन यांच्या हातून. शिक्षकांना एकत्र बसून चहा घेता यावा म्हणून बांधलेली दिनांतिका ही अष्टकोनी छोटी इमारतही जवळपासच आहे. रवींद्रनाथांच्या घराण्यातल्या दिनेंद्रनाथ ठाकुरांच्या स्मरणार्थ ती उभी राहिली. चहापानाच्या जागेलाही भित्तिचित्रं आहेत.

आता स्वयंपाकघर. वसतिगृहात राहणाऱ्या मुलाच्या आयुष्यात वर्गापेक्षा मेसला जास्त वजन असतं, हे राहिलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. शांतिनिकेतनच्या स्वयंपाकघराचा एक प्रसंग इतिहासात नोंदला गेलाय आणि त्यात मराठी माणूस आहे, म्हणून तो जरा सविस्तर सांगते.

गांधीजी दक्षिण आफ्रिकेतून परतण्याआधीच त्यांच्या फीनिक्स आश्रमातली मुलं मगनलाल गांधींबरोबर भारतात आली होती आणि काही काळ शांतिनिकेतनात राहिली होती. १७ फेब्रुवारी १९१५ ला गांधीजी स्वतः तिथे पोचले. थोड्याच दिवसांत पुण्यात गोपाळ कृष्ण गोखले गेल्याची बातमी आली आणि ते पुण्याला निघाले. मार्चमध्ये ते परत आले. त्या दिवसांत सातारला जन्मलेले दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकर, म्हणजे आपले काकासाहेब, शांतिनिकेतनातच होते. गांधीजींची आणि त्यांची पहिली भेट तिथली. गांधीजींनी शिक्षकांपुढे आणि मुलांपुढे एक विचार मांडला: आचारी, नोकर कशाला? भाजी चिरणं, धान्य निवडणं, रांधणं, भांडी घासणं, जागा झाडणं हे मुलांनी आणि शिक्षकांनी मिळून का करू नये? काही शिक्षकांना पटलं, काहींना नाही. रवींद्रनाथांनी शिक्षकांची तयारी असेल तर करून बघा म्हणून सांगितलं. १० मार्चला प्रयोग सुरू झाला.

गांधीजींनी आत्मकथेत त्याचं वर्णन केलंय. सव्वाशे मुलं आणि त्यांचे शिक्षक यांना हे काम एकदम अंगवळणी पडणं कठीणच होतं. कुणी भाजी चिरतंय, कुणी धान्य निवडतंय, तिथले शिक्षक पिअर्सनसाहेब उत्साहाने राबतायत, आणि भांडी घासणाऱ्यांचा शीण जावा म्हणून काही मुलं शेजारी बसून सतार वाजवतायत. हा प्रयोग फार टिकला नाही. पण १० मार्च हा दिवस शांतिनिकेतनात अजून ‘गांधी पुण्याह’ म्हणून पाळला जातो. त्या दिवशी स्वयंपाकी आणि सफाई कामगारांना सुट्टी, आणि झाडू विद्यार्थी-शिक्षकांच्या हातात.

मी तिथे असताना तो दिवस आला, तेव्हा आमच्या गटाकडे नाल्या आल्या. पालापाचोळा, प्लास्टिक, कुजलेलं खरकटं. खराट्याच्या दोन फेऱ्यांतच मला कळलं की मेसच्या मागच्या नालीचा उतार चुकीच्या बाजूला आहे आणि पाणी तुंबतं ते त्यामुळे. रोज त्या मेसमध्ये जेवत होते, पण मागच्या बाजूला कधी गेले नव्हते. इमारत कळायची असेल तर ती एकदा धुऊन काढावी. आमच्याकडे वास्तुकलेच्या अभ्यासक्रमातसुद्धा हे कुणी करून घेत नाही.

जेवणाचं म्हणाल तर मराठी पोटाला सुरुवातीला जड जातं. भात, मसूर डाळ, मासा, आणि खसखशीतली बटाट्याची भाजी, आलू पोस्तो. भाकरीची आठवण येते. महिन्याभरात मात्र आलू पोस्तोची चटक लागते आणि सुट्टीत घरी आल्यावर आईला खसखस वाटायला बसवलं जातं. रतनपल्लीत ‘कालोर दोकान’ नावाचं जुनं चहाचं दुकान आहे. तिथल्या बाकावर झालेल्या चर्चा मला काही तासांपेक्षा जास्त आठवतात.

वसतिगृहांकडे येते. १९४० मध्ये विनोदबिहारी मुखर्जींनी कलाभवनाच्या एका वसतिगृहाचं छत रंगवलं. भिंत नव्हे, छत. मध्ये एक तळं, आणि त्याच्या चारी अंगांनी बीरभूमचं खेडं: झाडं, झोपड्या, गुरं, माणसं. तळ्याभोवती सगळं असं मांडलंय की खाली उभं राहून कुठल्याही बाजूने वर बघितलं तरी चित्र आपल्याच बाजूने सुरू होतं. दिवसभर ज्या गावातून सायकल मारून यायचं, तेच गाव रात्री डोक्यावर. सत्यजित राय त्याच वर्षी कलाभवनात विद्यार्थी म्हणून आले. या छताने आपल्याला कसं थांबवलं ते त्यांनी पुढे लिहून ठेवलंय आणि १९७२ मध्ये विनोदबिहारींवर ‘द इनर आय’ हा माहितीपटही केला.

विनोदबिहारींची नजर जन्मापासून अधू होती. एका डोळ्याने दिसत नव्हतं, दुसऱ्याने फार जवळचं तेवढं दिसे. १९५७ मध्ये शस्त्रक्रियेनंतर उरलीसुरली नजरही गेली. अशा माणसाने छत रंगवलं, आणि नंतर १९४६-४७ मध्ये हिंदी भवनाच्या तीन भिंतींवर सत्तर फुटांहून लांब सलग भित्तिचित्र केलं, मध्ययुगीन संतांचं. कबीर, रैदास, सूरदास, तुलसीदास, आणि त्यांच्यामधून वाहणारी माणसांची गर्दी. मराठी माणूस त्याच्यासमोर उभा राहिला की त्याला आषाढातली दिंडी आठवते. मला तरी आठवली.

हे चित्र ओल्या चुन्यावरचं आहे. ती पद्धत मी तिथेच शिकले, म्हणून सांगते. चुना विरवून पाण्याखाली महिनोन्महिने मुरवत ठेवायचा. जितका जुना, तितका लोण्यासारखा. भिंतीवर आधी वाळू-चुन्याचे जाड थर, आणि शेवटचा पातळ थर रोज सकाळी, त्या दिवसात रंगवून होईल तेवढ्याच जागेवर. मग पाण्यात कालवलेला रंग लावायचा. त्यात डिंक नाही, सरस नाही. चुना वाळताना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो आणि पुन्हा चुनखडीसारखा कठीण होतो. रंगाचे कण त्या स्फटिकांत कायमचे धरले जातात. संध्याकाळी रंग ओढून घेईनासा झाला की थांबायचं आणि उरलेला गिलावा कापून काढायचा. चुकलं तर पुसता येत नाही, खरवडून नवा थर द्यावा लागतो. विनोदबिहारींनी या पद्धतीत एवढी मोठी भिंत केली तीही पूर्ण आकाराचा कच्चा आराखडा भिंतीवर न उतरवता. मदतीला विद्यार्थी होते. त्यांतले एक के. जी. सुब्रमण्यन. पुढे याच सुब्रमण्यन यांनी कलाभवनातल्या डिझाइन विभागाच्या इमारतीवर काळ्या-पांढऱ्या रंगांत चित्रं केली. गुरूची भिंत शिष्याने हाताखाली राहून बघितली, आणि मग स्वतःची भिंत पुढच्या मुलांना दिली.

विद्यार्थ्यांची ही साखळी आपल्यापर्यंतही येते. कोल्हापूरचे विनायक मासोजी हे कलाभवनाच्या अगदी सुरुवातीच्या विद्यार्थ्यांपैकी, नंतर तिथेच शिक्षक. कोल्हापुरात चित्रकलेची एवढी मोठी परंपरा, पण मासोजींचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते बंगालमध्ये, एका बंगाली शिक्षकाच्या तोंडून. आणि पु. ल. देशपांडे वयाच्या पन्नाशीत बंगाली शिकायला शांतिनिकेतनात जाऊन राहिले होते, हे तर वाचकांना ठाऊकच आहे.

आता ती काळी भिंत, जरा जवळून. मुलींची वसतिगृहं वेगळी, श्रीसदन त्यांतलं जुनं. त्यामुळे कालो बाडीत मी राहिले नाही. पण वर्गातली मुलं तिथे राहत, आणि दिवसा ओसरीवर बसून काम करायला मनाई नव्हती. पहिल्यांदा मी त्या भिंतीला हात लावला तो पाऊस थांबल्यावर. काळा पृष्ठभाग चमकत होता आणि पाणी थेंबाथेंबाने ओघळून जात होतं, आत मुरत नव्हतं. डांबराचं काम तेच. मातीच्या भिंतीचे दोन शत्रू, पाऊस आणि वाळवी, आणि डांबर दोघांनाही अडवतं. बोट फिरवलं की डांबराखाली भुशाचा खरखरीतपणा लागतो. माती, भुसा, शेण हे मिश्रण आपल्याकडच्या कुडाच्या घरांत असतं तसंच.

शिल्पं उथळ उठावाची आहेत, मातीतच घडवलेली. भारहूत, महाबलीपुरम, सिंधू संस्कृतीच्या मुद्रा, इजिप्त आणि असिरियाचे शिल्पपट या सगळ्यांचे नमुने नंदलालबाबूंनी आणि मुलांनी अभ्यासून भिंतीवर आणले. म्हणजे ज्याला युरोपात किंवा दिल्लीत संग्रहालय बघायला जाणं परवडणार नाही, त्या मुलाने सकाळी दात घासायला बाहेर आल्यावर ते बघावं. सगळं काळं असल्यामुळे एरवी आकार चटकन दिसत नाहीत. ऊन तिरपं झालं की एकेक आकार उठून येतो. एक मित्र दाराजवळच्या शिल्पपटाखाली खाट टाकून झोपायचा. त्याने सांगितलं होतं, ‘हा बैल सकाळी दिसतो आणि ती बाई संध्याकाळी.’ मग आम्ही एक दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत दर तासाला एकाच पटाचं रेखाटन केलं. सावलीच्या हिशोबाने उठाव किती खोल ठेवायचा हे मला पुस्तकातून कळलं नसतं.

आत खोल्या लहान. भिंतीला टेकवलेले कॅनव्हास, टर्पेंटाइनचा वास, दोरीवर वाळत घातलेल्या लुंग्या, खिडकीत चहाचा स्टोव्ह. जगभरचे कला-अभ्यासक ज्या भिंती बघायला येतात, त्यांच्या आत कुणाचं तरी असाइनमेंट अर्धवट पडलेलं असायचं. मला ते फार योग्य वाटतं. हे घर संग्रहालयासारखं रिकामं करून कुलूप घातलं असतं, तर ओल आणि वाळवी कुणाच्या लक्षात आली असती? राहणारा माणूसच पहिल्यांदा सांगतो की इथे ओल धरली, तिथे माती फुगली.

मातीचा हट्ट कालो बाडीपुरता नव्हता. उत्तरायण या रवींद्रनाथांच्या घरांच्या आवारात श्यामली नावाचं घर आहे. सुरेंद्रनाथ कर यांनी त्याची रचना केली. १९३५ मध्ये ते पूर्ण झालं. भिंती मातीच्या तर सगळीकडेच असतात, इथे छतसुद्धा मातीचं. गवती छपराला आग लागते, गरिबाचं घर दर काही वर्षांनी जळतं. छतही मातीचं करता आलं तर खेड्यातल्या माणसाला उपयोग होईल, ही रवींद्रनाथांची इच्छा. बाहेरच्या भिंतींवर नंदलालबाबू, रामकिंकर आणि विद्यार्थ्यांनी शिल्पं केली. १९४० मध्ये गांधीजी आणि कस्तुरबा आले तेव्हा याच घरात उतरले. सुरेंद्रनाथांकडे आजच्यासारखी वास्तुशास्त्राची पदवी नव्हती. ते मुळात चित्रकार, कलाभवनात शिकवणारे. जपान, जावा, अजिंठा, बंगालचं खेडं, सगळीकडचं बघून त्यांनी शांतिनिकेतनची घरं घडवली. पैसा नव्हताच. माती, मजुरी आणि मुलांचे हात होते.

रामकिंकरांचं ‘संथाळ कुटुंब’ हे १९३८ चं शिल्पही याच अडचणीतून आलं. ब्राँझ ओतायला पैसे नाहीत, म्हणून सिमेंट आणि जांभ्याची खडी. उघड्यावर, वसतिगृहातून वर्गात जायच्या वाटेजवळ. डोक्यावर टोपली घेतलेली आई, कावड वाहणारा बाप, मूल, कुत्रा. आधुनिक भारतीय शिल्पकलेतलं हे पहिल्या रांगेतलं काम आहे, आणि मुलं त्याच्या सावलीत सायकली लावतात.

कलाभवनाची आणखी एक सोय सांगितलीच पाहिजे, जी इमारत नाही. दरवर्षी १ आणि २ डिसेंबरला नंदन मेला भरतो. ३ डिसेंबर हा नंदलालबाबूंचा जन्मदिवस. त्याच्या आधीच्या दोन दिवसांत विद्यार्थी आणि शिक्षक यांनी केलेली चित्रं, कार्डं, भांडी, कॅलेंडरं विकली जातात आणि पैसे विद्यार्थी सहाय्य निधीत जातात. कुणी आजारी पडलं, कुणाचं घरून पैसे येणं थांबलं, तर त्यातून मदत होते. नामवंत शिक्षकाचं रेखाटन आणि पहिल्या वर्षाच्या मुलीने केलेली मातीची पणती एकाच टेबलावर. मी केलेले ठसे तिथे विकले गेले तेव्हा माझ्या हातात एक रुपयाही आला नाही, आणि त्या दोन दिवसांइतकं समाधान मला पुढे प्रदर्शनात चित्र विकूनही मिळालेलं नाही.

सगळंच उत्तम आहे असं मी म्हणणार नाही. मातीचं घर दर पावसाळ्याआधी बघावं लागतं, डांबराचा हात वेळोवेळी द्यावा लागतो, आणि ते काम जाणणारे गवंडी कमी होत चाललेत. सिमेंटने डागडुजी केली की भिंतीचा श्वास कोंडतो, आत ओल साचते आणि माती सुटते. अनेक जुन्या वाड्यांचं आपण असंच वाटोळं केलंय. शांतिनिकेतनातल्या काही जुन्या वास्तूंचं जतन भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने केलं. सप्टेंबर २०२३ मध्ये युनेस्कोने शांतिनिकेतनला जागतिक वारशात घेतलं. त्याचा आनंद आहेच. पण वारसा म्हटलं की दोरखंड, पाट्या आणि ‘हात लावू नका’ येतं. विद्यापीठाच्या इमारतीला हात लावायचाच असतो, तिथे राहायचं, सांडायचं, शिकायचं असतं. हे दोन्ही एकत्र सांभाळणं अवघड काम आहे, आणि ते करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे.

शांतिनिकेतनला जाण्याआधी मी महाराष्ट्रातल्या एका वसतिगृहात राहिले. नाव सांगत नाही. प्रवेशद्वारावर संगमरवरी फलक, आत प्रशासकीय इमारतीला काचा, आणि आमच्या खोलीत चार मुलींना एक खिडकी. न्हाणीघराचं दार लागत नसे म्हणून आम्ही बादली आडवी लावायचो. संस्थेचा पैसा कमी नव्हता. तो लागला कुठे, एवढाच प्रश्न. नवीन विद्यापीठं, नवी उपकेंद्रं आपल्याकडेही उभी राहतायत, आराखडे होतायत. माझं संस्थाचालकांना आणि वास्तुविशारदांना एवढंच मागणं आहे: पहिलं चित्र वसतिगृहाचं काढा, दुसरं मेसचं, आणि मग प्रवेशद्वाराकडे वळा. जवळ कला महाविद्यालय असेल तर तिथल्या मुलांना भिंती द्या. चुना स्वस्त आहे, आणि मुलांना काम हवं आहे.

आणि आईवडिलांना सांगते. जून-जुलैत मुलांना कॉलेज दाखवायला न्याल, तेव्हा सभागृह आणि माहितीपुस्तक बघून परत फिरू नका. वसतिगृहाची एक राहती खोली उघडून दाखवायला सांगा, मेसच्या मागच्या बाजूला जाऊन या, पिण्याच्या पाण्याचा नळ सोडून बघा, मुलींच्या न्हाणीघराची कडी लागते का ते स्वतः लावून बघा. रेक्टरांना राग आला तरी येऊ दे.

शांतिनिकेतनला गेलात तर बुधवार टाळा, त्या दिवशी वर्ग नसतात. कालो बाडी बाहेरून बघा आणि आत डोकावण्याआधी विचारा. ते मुलांचं घर आहे.